डोकं चालवायचं खेळणं

इदवाल पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थांबला,
बुटांना चिखल नव्हता तरी पायपुसण्यावर पाय घासत राहिला.
"कुत्रीला काहीतरी हवंय," म्हणाला.
"तिने पडदे खाल्लेत."

मी विचारलं, वय काय, जात काय,
चघळते की गिळते.
विचारावंच लागतं. लोक रंग बघून खेळणं नेतात
आणि आठवड्यात तुकडे आणून माझ्या गल्ल्यावर ठेवतात.

नऊ वर्षांची. मेंढ्यांवरची. नाव नेल.
बालाच्या तळ्यामागे, वर डोंगरात, दोनशे मेंढ्या होत्या.
मार्चमध्ये सगळं विकलं, गुडघ्यापायी.
आता औषधांच्या दुकानावर दोन खोल्या, खाली रस्ता,
रस्त्यावर वळवण्याजोगं काही नाही.
"गाड्या वळवायला बघते," तो म्हणाला. "खिडकीतून."

मी फळीवरून एकेक काढत गेले.
हे पोकळ रबर, आत लगदा भरायचा, रात्रभर गोठवायचं.
ही लाकडी पाटी, सरकत्या झाकणांखाली नऊ खळगे.
हा चिंध्यांचा गालिचा, दाणे हुंगून शोधायचा.
सुरुवात सोप्यापासून करा, म्हटलं,
पहिल्याच दिवशी हरलेलं कुत्रं परत पंजा लावत नाही.
जबड्यात पुरतं मावेल एवढं लहान नको.
आणि आत घालाल तेवढं रात्रीच्या वाडग्यातून कमी करा,
नाहीतर तिचेही गुडघे जातील.

"आत बारा ब्रिथ चालेल? बहीण दर शनिवारी पाठवते,
मला एकट्याला संपत नाही."
नाही. त्यात मनुका असतात, कुत्र्याला ते विष.
ओट घ्या, उकडलेलं गाजर घ्या.
त्याने पाकिटाच्या मागे लिहून घेतलं: गाजर.
मग त्याखाली रेघ मारली.

पाटी नेली. चार मिनिटांत नेलने नऊही झाकणं सरकवली
"आणि माझ्याकडे असं बघितलं," तो म्हणाला,
"की हे सगळं हरवून ठेवणारा वेंधळा मीच."
रबर नेलं. तिने ते चाटलं, पाहुण्यांकडे गेल्यावर
नावडतं खावं तसं.
मग मी त्याला तो डुलणारा गोळा दिला,
पोटात वजन, कुशीला भोक,
ढकलला की एखादा दाणा टाकतो.

गुरुवारी दुकान अर्धा दिवस. मीच वर गेले बघायला.
स्वयंपाकघरभर दाणे पडलेले, एकाला तोंड लावलेलं नाही.
नेल पोट जमिनीला टेकवून, लांबून वळसा घेऊन,
गोळ्याच्या मागे.
नाकाने नाही, नुसती डावीकडून एक पाऊल,
गोळा टेबलाच्या पायाला लागून परत आला,
मग उजवीकडून, मग थांबली,
आणि शेवटी शेगडी आणि खुर्ची यांच्या बेचक्यात
तो नेऊन कोंडला.
गोळा डुलला. डुलायचा थांबला.
ती तशीच, एक पंजा पुढे, पापणी न हलवता.

"तासभर अशीच राहते," इदवाल म्हणाला. "दाणे वाया."
वर डोंगरात काम संपलं की तुम्ही काय म्हणायचात तिला?
तो किटलीकडे बघत राहिला.
कान लाल झाले, चारचौघांत
कुणी लहानपणचं नाव घेतल्यासारखे.
मग अगदी हळू,
"पुरे, नेल."

ती उठली. अंग झाडलं.
आणि दारापासून शेगडीपर्यंत एकेक दाणा वेचत आली,
घाई नाही, मधला एकही न सोडता,
मजुरी मोजून घ्यावी तशी.

सोमवारी तो दार उघडताच बोलला. पायही पुसले नाहीत.
"ते गोळे. अजून पाच."
एका कुत्र्याला एक पुरतो, मी म्हटलं,
नको ते विकायची मला सवय नाही.
"एकाने कळप होत नाही," तो म्हणाला.
शिल्लक दोन होते. तीन मागवले.

निघताना वळला.
"त्यातला एक काळा मिळेल का?
आमच्याकडे शंभरात एक काळी असायची. मोजायला बरं."
काळे येत नाहीत. आणि घरी रंगवू नका हं, ती चाटेल.
"बघतो," म्हणाला,
आणि खिशातलं पाकीट काढून काहीतरी लिहिलं.